एका रंगाला एक हात

नारायण पेठेत एका जुन्या वाड्याच्या परसात, पत्र्याखाली, स्क्रीन प्रिंटिंगचं एक दुकान अजून तग धरून आहे. लग्नपत्रिका, मुंजीची निमंत्रणं, मिठाईच्या खोक्यांवरची नावं, मंडळांची पावतीपुस्तकं, असली कामं. मालक सत्तरी ओलांडलेले. आख्खी गल्ली त्यांना काका म्हणते, म्हणून मीही म्हणतो. गेल्या पावसाळ्यात त्यांच्यासमोर मी एक काळंकुट्ट पुस्तक ठेवलं. आत झाडांची चित्रं. काकांनी चित्रं पाहिलीच नाहीत. कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, पान ट्यूबलाइटकडे तिरकं धरलं आणि फिक्या रंगाच्या रेघेवरून नख फिरवलं.

"काळ्यावर, आणि एका हातात एवढा उठलाय?"

मग पुस्तक नाकाशी नेऊन त्यांनी वास घेतला, नारळ निवडताना घ्यावा तसा.

पुस्तकाचं नाव 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज'. चेन्नईच्या तारा बुक्सनं ते २००६ मध्ये काढलं. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या मध्य प्रदेशातल्या तीन गोंड चित्रकारांची झाडं त्यात आहेत. कागद हाताचा, छपाई हाताची, बांधणीही हाताची, आणि प्रत्येक प्रतीवर पेनानं लिहिलेला क्रमांक. तारावर लिहितो असं संपादकांना सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच मान डोलावली, चेन्नईच्या तिकिटाचा विषय मात्र शिताफीनं टाळला. त्यामुळे हा लेख चेन्नईत उभं राहून लिहिलेला नाही. तारानं काढलेली पुस्तकं मांडीवर घेऊन, काकांच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसून लिहिलेला आहे. यात माझा फार तोटा झाला असं मला वाटत नाही.

संस्थेचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो सगळीकडे सापडतो. गीता वुल्फ यांनी १९९४ मध्ये तारा सुरू केलं. पुढे इतिहासकार आणि स्त्रीवादी लेखिका व्ही. गीता संपादनाची बाजू सांभाळू लागल्या. सुरुवातीला फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्यात वुल्फ यांनी एका बालपुस्तकाचा नमुना नेला होता, 'द व्हेरी हंग्री लायन'. हातकागदावर स्क्रीननं छापलेला. नमुना करायला ते सोपं पडतं म्हणून केला होता. पुस्तक पुढे चारचौघांसारखं ऑफसेटवर जायचं होतं. कॅनडाच्या एका प्रकाशकाला मात्र तो नमुनाच आवडला. त्यानं हवं तर असंच हवं म्हणून ८,००० प्रती मागितल्या. दोनपाच नमुने हातानं छापणं वेगळं आणि आठ हजार पुस्तकं वेगळी. पण हो म्हणून बसले होते. त्या हो म्हणण्यातून अरुमुगम यांच्या देखरेखीखाली हातछपाईची कार्यशाळा उभी राहिली. एएमएम स्क्रीन्स हे तिचं नाव. आज तारा म्हटलं की लोकांना जे आठवतं ते सगळं त्या कार्यशाळेतून बाहेर पडलेलं आहे.

आता काकांच्या प्रश्नाकडे वळतो, कारण मला या सगळ्या प्रकरणात त्याच्याइतकं दुसरं काहीही महत्त्वाचं वाटलेलं नाही. काळ्यावर फिका रंग उठतो कसा?

ऑफसेटची शाई पातळ असते, जवळजवळ पारदर्शक. पांढऱ्या कागदावर तिचं तेज दिसतं ते कागदाच्या पांढरेपणामुळे. काळ्या कागदावर ती टाकली तर कागद तिला गिळून टाकतो. म्हणून ऑफसेटवाला उलटं करतो. पांढरा कागद घेतो, त्यावर सगळीकडे काळं छापतो, आणि झाडाची जागा मोकळी सोडतो. तिथलं झाड म्हणजे न छापलेली जागा. स्क्रीनमध्ये मात्र कागद मुळातच काळा. लगद्यापासून काळा. पानाची कड बघितली तर तीही काळी. त्याच्यावर दाट शाईचा थर येऊन बसतो, आणि झाड म्हणजे तो थर. नख फिरवलं की कळतो तो हाच.

काकांनी मला हे हातानं करून दाखवलं. लाकडी चौकट, तिच्यावर ढोलकीच्या पुडीसारखं ताणून बसवलेलं बारीक जाळीचं कापड. पूर्वी खरं रेशीम असायचं, आता पॉलिएस्टर. अंधाऱ्या खोलीत त्यावर एक रसायन पसरतात, वाळवतात, वर चित्राची फिल्म ठेवून उजेड दाखवतात. उजेड लागेल तिथं रसायन घट्ट होतं. फिल्मवरच्या काळ्या रेघांनी उजेड अडवला तिथं ते कच्चं राहतं आणि पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन जातं. म्हणजे चित्र जाळीत भोकं होऊन उरतं. मग चौकट कागदावर टेकवायची, शाई ओतायची, आणि लाकडी मुठीचं रबर दोन्ही हातांनी एका दमात अलीकडे ओढायचं. काका म्हणतात, हात मारायचा. एका रंगाला एक हात. दुसरा रंग असेल तर दुसरी चौकट, पहिला वाळल्यावर पुन्हा तोच कागद, पुन्हा हात.

रबर किती तिरकं धरायचं, किती दाबायचं, हे काका शब्दांत सांगू शकले नाहीत. खांद्यानं सांगत होते. जरा जास्त दाबलं तर शाई रेघेच्या बाहेर फुटते, कमी दाबलं तर रेघ तुटते. गोंड चित्रात तर आकार सगळा बारीक ठिपक्यांनी आणि रेघोट्यांनी भरलेला असतो. हे भरण प्रत्येक चित्रकाराचं आपलं आपलं, सहीसारखं. शाई जाळीत जरा वाळली की त्यातले चार ठिपके बुजले. बुजले तर कुणाला कळणार आहे, असं मी म्हणालो. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी विषय बदलला.

एक हिशेब करू. समजा, २,००० प्रती काढायच्या आहेत, एका प्रतीला दहा मोठे कागद लागतात आणि प्रत्येक कागदावर दोनच रंग आहेत. चाळीस हजार वेळा हात. यात खराब होऊन फेकलेले कागद धरलेले नाहीत. चाळीस हजारावा हात पहिल्यासारखाच पडला पाहिजे, आणि तरीही हुबेहूब तसाच पडत नाही. दोन प्रती शेजारी ठेवल्या तर एकीतलं झाड किंचित दाट दिसेल. याला गिऱ्हाईक लग्नपत्रिकेत दोष म्हणतं, इथं त्याचेच पैसे देतं.

स्क्रीनचा एक चुलतभाऊ मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे, सायक्लोस्टाइल. १९५४ मध्ये अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांचं 'शब्द' त्याच यंत्रावर निघालं होतं. त्यातही मेणकागदाला भोकं पडतात आणि भोकांतून शाई पलीकडे जाते. पैसे नसलेल्यांचं ते साधन होतं. तेच तत्त्व चेन्नईला जाऊन महागड्या पुस्तकांचं साधन व्हावं, याची मला गंमत वाटते.

दाट ओल्या फिक्या रंगाची गडद जमिनीवरची रेघ म्हटल्यावर आपल्याला दुसरं काय आठवणार? डहाणू-तलासरीकडची कुडाची भिंत. शेणानं सारवलेली, गेरू दिलेली, आणि वर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. लग्नघरात सवासिनी चौक लिहितात तो असाच, आधी जमीन, मग तिच्यावर उजेड. ऑफसेटनं ही रीत मोडली होती. स्क्रीननं ती कागदावर परत आणली, असं मला ही पुस्तकं बघताना सारखं वाटत राहिलं.

आणि ही भिंत कागदावर आणण्यामागे मुळात एक मराठी माणूस होता, हे सांगायचा मोह आवरत नाही. भास्कर कुलकर्णी. १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात, हस्तकलांचं काम बघणाऱ्या पुपुल जयकर यांनी त्यांना मिथिलेत पाठवलं. भिंतींवर चित्रं काढणाऱ्या बायकांना त्यांनी कागद दिला, कागदावर काढलं तर विकता येईल म्हणून. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हेच कुलकर्णी वारली पाड्यांवर कागद घेऊन हिंडत होते. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे त्यातूनच जगापुढे आले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. कुलकर्ण्यांचं नाव आज किती जणांना माहीत आहे?

'द व्हेरी हंग्री लायन'ची चित्रं वारली पद्धतीवर बेतलेली होती, पण ती काढली होती बडोद्याचे शिकलेसवरलेले चित्रकार इंद्रप्रमित रॉय यांनी. छान आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण २००९ मध्ये तारानंच 'डू!' नावाचं पुस्तक काढलं. खाकी क्राफ्ट कागदावर पांढरी शाई, एकेका क्रियापदाला एकेक गजबजलेलं चित्र. चित्रकार रमेश हेंगडी आणि शांताराम धडपे, त्यांच्याबरोबर रसिका हेंगडी आणि कुसुम खरपडे. शैली उसनी घेण्यापासून शैलीच्या धन्याचं नाव मुखपृष्ठावर छापण्यापर्यंतचं हे अंतर मला तारानं मिळवलेल्या कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठं वाटतं. पुरस्कार कमी नाहीत. झाडांच्या पुस्तकालाच २००८ मध्ये बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्याचा पुरस्कार मिळाला, आणि २०१७ मध्ये टोकियोच्या इताबाशी कला संग्रहालयानं तारावर अख्खं प्रदर्शन भरवलं.

एकत्र काम करणं म्हणजे काय, हे त्यांच्या पुस्तकांच्या अंगालाच दिसतं. बंगालचे पटुआ गाणं म्हणत पट उलगडतात, म्हणून जयदेव आणि मोयना चित्रकार यांचं 'त्सुनामी' हे पुस्तक पटासारखं घडी उलगडत लांब होत जातं. अहमदाबादचे जगदीश चितारा माताजींच्या पछेडी, म्हणजे देवीची कापडावरची चित्रं करतात, तर त्यांचं पुस्तक कापडाचंच आहे, ठशांनी छापलेलं. रामसिंग उर्वेतींच्या मोराच्या पुस्तकात जोनाथन यामाकामी या डिझायनरनं पानांना अशी भोकं पाडली आहेत, की पान उलटलं की मागच्या ओळीचा अर्थ फिरतो. हे वाचायचं, की शिल्पासारखं फिरवून बघायचं? मी दोन्ही करतो, आणि घरातल्या लहान मुलांना हात लावू देत नाही. पुस्तकं मुलांसाठी काढलेली आहेत, हे मला ठाऊक आहे.

आता अडचणी. यांच्याविषयी लिहायला बसलो की प्रशंसेला ओहोटी लागते आणि काळजी वर येते.

पहिली अडचण हवा. हातकागद दमट हवेत फुगतो, उन्हात आकसतो, आणि सगळे ताव सारखे फुगत नाहीत. "पहिल्या रंगाला कागद एक असतो, दुसऱ्या रंगाला दुसराच," काका म्हणाले. केसभर सरकला की रंग रेघेबाहेर. चेन्नई समुद्राकाठी, आणि पाऊस तिथं दिवाळीच्या सुमारास उतरतो. अशा ठिकाणी कुणी हातकागदावर दोन रंग जुळवण्याचा धंदा मांडावा, हे धाडस आहे की वेड, मला ठरवता येत नाही.

माझा स्वतःचा अनुभव वेडाच्या बाजूचा आहे. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही मित्रांनी कवितांची एक पुस्तिका काढली. मुखपृष्ठ हातकागदावर, स्क्रीननं. कारखान्याचं नाव सांगत नाही, घाई आमचीच होती. श्रावणातला दिवस, शाई वाळलीय असं समजून आम्ही तीनशे मुखपृष्ठं एकावर एक रचली. सकाळी प्रत्येकाच्या पाठीवर खालच्याचं नाव उलटं उमटलेलं. तशीच बांधली. एका परीक्षणात या प्रतिबिंबाच्या कल्पनेचं कौतुक झालं. आम्ही खुलासा केला नाही.

दुसरी अडचण वेळ. झाडांचं पुस्तक संपलं आणि कुणी मागितलं तर ते गोदामातून येत नाही, नव्यानं छापावं लागतं. प्रत्येक आवृत्तीला तारा मुखपृष्ठावर वेगळं झाड देतं, त्यामुळे वाट पाहणाऱ्याला निदान काहीतरी नवं मिळतं. पण दुकानदार किती थांबेल?

तिसरी अडचण हातांची. चित्रकारांची नावं मुखपृष्ठावर आली. भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये आणि दुर्गाबाईंना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या माणसानं एकेक झाड हजारो वेळा कागदावर उतरवलं, तो कार्यशाळेच्या नावात मिसळून जातो. आणि त्याच्यानंतर कोण? काकांचा मुलगा फ्लेक्स छापतो. बटण दाबलं की तासाभरात नगरसेवकाचा वाढदिवस बाहेर पडतो. त्याला दोष कसा द्यायचा? खांदे त्याचे शाबूत राहतील.

चौथी अडचण आपली. वारली माणसं आज मग, पडदे, चादरी, मोबाइलची कव्हरं अशा सगळ्यांवर नाचत असतात, काढणाऱ्याचं नाव कुठंच नसतं. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी चादरी थांबल्या नाहीत. आणि पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था आहे, दौलताबादजवळ कागजीपुऱ्यात शतकानुशतकं हातकागद होतो, वारली पाडे मुंबईपासून लोकलच्या अंतरावर आहेत, हाताला सवय असलेले काका नारायण पेठेत बसलेले आहेत. अशा चार गोष्टी एकत्र आणायला चेन्नईच्या बाईंना जमलं ते आपल्या एकाही प्रकाशकाला जमू नये, ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे. किंमत परवडत नाही, असं प्रकाशक सांगतात. दिवाळी अंकांच्या जाहिराती परवडतात.

निघताना काकांनी पुस्तकाची किंमत विचारली. मी सांगितली. ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले, बहुधा हात. मग म्हणाले, "दोन दिवस ठेवून जा. मुलाला दाखवायचंय."

त्याला आता चार महिने झाले. पुस्तक अजून नारायण पेठेतच आहे.