संत्र्याच्या सालींवर उगवलेलं रान

झाड कशाचं बनलेलं असतं? मातीचं म्हणाल, तर साफ चूक! वाळलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन कार्बनचं असतं, आणि तो आलेला असतो हवेतून. पान कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, उन्हाच्या जोरावर त्याची साखर करतं आणि त्या साखरेचं खोड होतं. शंभर फुटी वृक्ष म्हणजे बरीचशी हवाच, उभी राहिलेली! तो तोडून पेटवला की ती पुन्हा मोकळी.

मग गेलेलं जंगल हवेतून परत उतरतं का? कोस्टा रिकातल्या ग्वानाकास्तेत गुरांसाठी रान तोडून कुरणं केली होती. पुढे गुरं गेली, पण झाडं काही परतेनात. आडवं आलं होतं आफ्रिकेतून आणलेलं जारागुआ गवत. ते रोपाला डोकं वर काढू देत नाही, आणि कोरड्या दिवसांत पेटलं की उरलंसुरलंही खाक.

डॅनियल जॅन्झेन आणि विनी हॉलवॉक्स या शास्त्रज्ञ दांपत्याने भलतीच शक्कल लढवली. शेजारच्या संत्र्याचा रस काढणाऱ्या कंपनीला ते म्हणाले, तुमच्याकडचं जंगल अभयारण्याला द्या, साली आमच्या पडीक जमिनीवर ओता. हजारेक ट्रक रिकामे झाले. 12,000 टन साली, जेमतेम तीन हेक्टरांवर! नुसत्या माश्या आणि वळवळत्या अळ्या. त्या लगद्याखाली गवत गुदमरून मेलं आणि सहाएक महिन्यांत तिथे काळी भुसभुशीत माती झाली. मग प्रतिस्पर्धी कंपनी कोर्टात गेली, जिंकली, आणि साली बंद.

2013 मध्ये टिमोथी ट्रॉयर हा तरुण संशोधक ती जागा बघायला गेला, तर सापडेचना. खुणेचा फलक वेलींनी गिळला होता! रस्त्यापलीकडच्या बिनसालीच्या जमिनीशी तुलना केली, तर इथल्या झाडोऱ्याचं वजन 176 टक्क्यांनी जास्त, म्हणजे पावणेतीन पट. साली खत झाल्याच, पण मला विचाराल तर गवताचा काटा काढला, हे त्यांचं मोठं काम.

असं पुन्हा उगवलेलं रान किती कार्बन ओढतं? लॅटिन अमेरिकेतल्या अशा रानांचा 2016 साली प्रसिद्ध झालेला हिशेब सांगतो, हेक्टरी वर्षाला सुमारे तीन टन. जुन्या जंगलाच्या तब्बल 11 पट! कारण जुन्या जंगलात जेवढं वाढतं, जवळजवळ तेवढंच मरून कुजतं. कोवळं रान मात्र नुसतं वाढत सुटतं. तरी जुन्याच्या 90 टक्के वजनापर्यंत पोचायला त्याला साधारण 66 वर्षं लागतात. आणि अ‍ॅमेझॉनमधली कितीतरी कोवळी रानं तेवढी जगतच नाहीत, कुरणासाठी पुन्हा कापली जातात.