किश बँकेवरच्या पवनचक्क्या आणि पाण्याखालचा आवाज

डब्लिनच्या दक्षिणेला ब्रे किंवा किलायनीच्या किनाऱ्यावर फिरायला गेलेल्या मंडळींनी किशचं दीपगृह पाहिलं असेल. हवा स्वच्छ असली की क्षितिजावर पांढरा ठिपका दिसतो. त्याच्या पायाशी पाण्याखाली वाळूचा लांबलचक उंचवटा आहे, किश बँक. तिच्यावर आणि शेजारच्या ब्रे बँकेवर, किनाऱ्यापासून साधारण १० किलोमीटरवर, ‘डब्लिन अ‍ॅरे’ हा ८२४ मेगावॉटचा पवनऊर्जा प्रकल्प यायचा आहे. टर्बाइन ३९ ते ५०, आणि सर्वांत मोठी निवडली तर पात्याच्या टोकापर्यंत उंची ३०० मीटरच्या वर. डब्लिनची ओळख असलेली पूलबेगची दोन धुराडी २०७ मीटरची आहेत, यावरून अंदाज करा.

आयर्लंडच्या समुद्रात सध्या किती पवनचक्क्या फिरतात? सात. आर्क्लोजवळ २००४ मध्ये उभ्या राहिल्या, एकूण २५ मेगावॉट. पुढची वीस वर्षं एकही वाढली नाही. मग मे २०२३ च्या लिलावात एकदम चार प्रकल्प, तीन हजार मेगावॉटहून जास्त! किनाऱ्यावरची माणसं दचकली, यात नवल नाही. अर्थात विरोध त्याच्याही आधीचा. ‘कोस्टल कन्सर्न अलायन्स’ ही संघटना २००६ पासून किनाऱ्याजवळच्या प्रकल्पांविरुद्ध लढते आहे.

ऑफिसमध्ये यावर ठरलेलं उत्तर मिळतं: ‘बंगल्याच्या खिडकीतून दिसणारा समुद्र बिघडेल म्हणून हे चाललंय.’ काही जणांच्या बाबतीत ते खरंही असेल. इथल्या समुद्रदर्शनी घरांचे भाव बघता मी त्यांना फार दोष देणार नाही. पण आक्षेपांमध्ये पाण्याखालच्या जीवांबद्दल जे लिहिलेलं असतं ते बहाणा म्हणून झटकून टाकण्यासारखं नाही.

रॉकबिल बेटापासून डॉकी बेटापर्यंतचा पट्टा युरोपीय कायद्याने संरक्षित आहे, तो हार्बर पॉरपॉइजसाठी. हा डॉल्फिनचा बुटका नातलग, जेमतेम दीड मीटर लांब. आपल्या कोकणातले मच्छीमार ज्याला भुलगा म्हणतात, तो याच कुळातला. थंड पाण्यात एवढंसं शरीर गरम ठेवायचं म्हणजे दिवसरात्र खात राहावं लागतं. उथळ वाळूच्या उंचवट्यांवर सँडईल नावाची बारीक मासळी असते. तिच्यावर पॉरपॉइज, किट्टीवेक आणि टर्न पक्षी सगळेच जगतात. रॉकबिलवर तर गुलाबी टर्नची युरोपातली सर्वांत मोठी वसाहत आहे. आणि पवनचक्कीवाल्यांनाही नेमके हेच उंचवटे हवेत, कारण उथळ पाण्यात पाया घालणं स्वस्त पडतं. भांडणाचं मूळ इथे आहे.

पॉरपॉइज कानाने बघतो म्हणा ना. टकटक आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनीवरून मासा शोधायचा. अशा पाण्यात पोलादी खांब घणाने ठोकायला लागले की तो पळतो. उत्तर समुद्रातल्या अभ्यासांत २० किलोमीटरच्या आसपासपर्यंत पॉरपॉइज दूर गेल्याचं नोंदलेलं आहे. जर्मनीने त्यावर मर्यादा घातली: ठोकण्याच्या जागेपासून ७५० मीटरवर प्रत्येक घावाचा आवाज १६० डेसिबलच्या आत हवा. त्यासाठी खांबाभोवती समुद्रतळावर भोकं असलेली नळी अंथरून हवा सोडतात. बुडबुड्यांचा पडदा तयार होतो आणि आवाज बराच अडतो. उपाय तसा साधा आहे, फक्त पैसे लागतात.

बांधकाम संपल्यावर काय? इथे दोन्ही बाजूंना आवडेल असा पुरावा सापडतो. नेदरलँड्समधल्या एग्मोंडच्या प्रकल्पात पवनचक्क्या सुरू झाल्यावर पॉरपॉइज आधीपेक्षा जास्त दिसले. डेन्मार्कमधल्या न्यूस्टेडला ते दहा वर्षांनंतरही पूर्वीइतके परतले नव्हते. म्हणजे एका जागेचं उत्तर दुसऱ्या जागेला लावता येत नाही. किश बँकेचं उत्तर किश बँकेवरच मोजून काढावं लागेल.

आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेलेल्या देवमाशाचे फोटो फिरतात, ते बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथली सरकारी संस्था नोआने म्हटलंय की पवनऊर्जेच्या कामांमुळे हे मोठे देवमासे मेल्याचा पुरावा नाही. बऱ्याच मृत्यूंमागे जहाजांची धडक आणि जाळ्यात अडकणं आहे. असे फोटो पुढे ढकलून पॉरपॉइजच्या खऱ्या प्रश्नाचं नुकसानच होतं.

अलिबागजवळ राहणाऱ्या माझ्या मामाला हे सगळं फोनवर सांगितलं. त्याने पॉरपॉइजबद्दल काही विचारलंच नाही. म्हणाला, “दोन खांबांमधून होडी जाते का रे? आणि जाळं टाकायचं कुठे?” वरळीच्या कोळ्यांनीही मुंबईच्या कोस्टल रोडच्या वेळी हाच प्रश्न धरून ठेवला होता. क्लीव्हलँड बंदरासमोरच्या पुलाच्या खांबांत आधी ६० मीटर अंतर होतं. ते हटले नाहीत, तेव्हा डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटर मान्य झालं. विकलोच्या किनाऱ्यावर शंखातली व्हेल्क ही मासळी पिंजऱ्यांनी पकडणाऱ्यांची चिंता अगदी मामासारखीच आहे. टर्बाइनमध्ये अंतर भरपूर असलं तरी तळाशी केबल असते, आणि बांधकामाच्या काळात तिथे जायची बंदी.

आता आमची गंमत बघा. २०२३ मध्ये आयर्लंडच्या मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के डेटा सेंटरांनी खाल्ली. २०१५ मध्ये हे प्रमाण ५ टक्के होतं. शहरांतली सगळी घरं मिळून १८ टक्के. म्हणजे मी आणि माझ्यासारखे जे कोड सर्व्हरवर चढवतात, त्यासाठी ही वीज हवी आहे. जून २०२५ मध्ये मनीपॉइंटला कोळसा जाळणं थांबलं, चांगलंच झालं, पण उरलेला भार मुख्यतः गॅसवर आहे. आणि समुद्र तापतोच आहे. जून २०२३ मध्ये आयर्लंडभोवतीच्या पाण्यात उष्णतेची लाट आली होती, ती पॉरपॉइजच्या मासळीला पोषक थोडीच आहे!

म्हणून मी पवनचक्क्यांच्या बाजूचा आहे. राग येतो तो क्रमाचा. ३० टक्के समुद्र संरक्षित करण्याचं उद्दिष्ट २०३० चं, पण त्यासाठीचा कायदा वर्षानुवर्षं रेंगाळला. प्रकल्पांच्या जागा मात्र कंपन्यांनी आधीच निवडून ठेवल्या. दक्षिण किनाऱ्यासाठी २०२४ मध्ये सरकारने स्वतः आराखडा करून क्षेत्रं ठरवली. हीच पद्धत पूर्वेला आधी वापरली असती तर अर्धी भांडणं टळली असती, असं मला वाटतं. पश्चिमेला कॉनेमाराजवळचा स्कर्ड रॉक्स हा ४५० मेगावॉटचा प्रकल्प तर एप्रिल २०२५ मध्ये कंपनीनेच मागे घेतला.

भारताने जून २०२४ मध्ये गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॉटसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. मामाला हे सांगितलं तर त्याने लगेच विचारलं, “आणि आपल्याकडे कधी?” त्या आवाजात उत्सुकता होती की धास्ती, मला फोनवरून कळलं नाही.