रात्री खुराड्यात कोंबड्या का बिथरतात?



संध्याकाळी दहा-बारा कोंबड्या खुराड्यात गेल्या, सगळ्या धडधाकट. मध्यरात्री एकदम फडफडाट झाला, थोडा कलकलाट झाला आणि पुन्हा सामसूम. सकाळी दार उघडून बघता तो कोपऱ्यात दोन तलंगा मरून पडलेल्या. अंगावर जखम नाही, रक्ताचा थेंब नाही. मग कोणी म्हणतं रोग आला, कोणी म्हणतं नजर लागली. पण अशा वेळी पुष्कळदा घडलेलं असतं ते एवढंच, की कोंबड्या अंधारात घाबरल्या, एकमेकींच्या अंगावर चढल्या आणि खाली सापडलेल्या गुदमरून गेल्या. मात्र मर रोज होऊ लागली, कोंबड्या दिवसाही मलूल दिसू लागल्या, तर तो भीतीचा प्रकार नव्हे. मेलेली कोंबडी घेऊन जनावरांच्या दवाखान्यात जावे.

कोंबडीचा डोळा दिवसासाठी बनलेला आहे. उजेडात तिला रंग आपल्यापेक्षाही चांगले ओळखता येतात, दाणा नि किडा लांबून दिसतो. पण दिवस मावळला की ती जवळजवळ आंधळीच होते. म्हणून तर तिन्हीसांजेला ती न हाकलता आपणहून खुराड्याकडे वळते. आता अशा पाखराच्या कानाशी मध्यरात्री काही खरवडलं, पत्रा वाजला, की ते जीव घेऊन उडतं. पण कुठे जायचं ते त्याला दिसत नाही. भिंतीवर आदळतं, दुसऱ्यावर पडतं, ते दुसरंही उडतं, आणि बघता बघता सगळा थवा एका कोपऱ्यात ढीग होऊन बसतो. तळाच्या पाखरांचा जीव जायला काही मिनिटं पुरतात.

पाखरांची झोप आपल्यासारखी गाढ नसते, हेही ध्यानात घ्या. १९९९ साली बदकांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की ओळीच्या टोकाला झोपलेलं बदक बाहेरच्या अंगाचा डोळा उघडा ठेवून झोपतं आणि मेंदूचा निम्मा भाग त्या वेळी जागा असतो. मधली बदकं मात्र दोन्ही डोळे मिटून निवांत असतात. कोंबडीसुद्धा अधूनमधून एक डोळा उघडा ठेवते. तेव्हा पाखराला निर्धास्त झोप हवी असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना आपली सोबतीण आणि पायाखाली पक्की दांडी पाहिजे.

पुष्कळ घरी दांडी नसतेच. कोंबड्या डालग्याखाली झाकतात किंवा खुराड्यात जमिनीवर दाटीवाटीनं बसतात. जमिनीवर बसलेल्या कोंबडीला उंदराचाही धाक असतो. लाकडी दांडी बसवा. दीड ते दोन इंच रुंदीची, वरून सपाट, कडा तासून गोल केलेली. लोखंडी नळी बसवू नका, तिच्यावर पाय घसरतो. दर कोंबडीला सात-आठ इंच जागा धरा, म्हणजे १२ कोंबड्यांना आठ फुटांची दांडी लागेल. एकीत मावत नसेल तर दोन करा, पण एकाच उंचीवर, एक फूट अंतर सोडून. एक वर नि एक खाली अशी केलीत की सगळ्याजणी वरच्या दांडीसाठी भांडणार आणि तिन्हीसांजेची वेळ ढकलाढकलीत जाणार. गावरान कोंबडी तीन फुटांपर्यंत सहज चढते. गिरिराजसारख्या अंगानं भारी कोंबड्यांना एक-दीड फूट उंची पुरे. जास्त ठेवली तर उतरताना पायाला इजा होते. पिलं सहा-सात आठवड्यांची झाली की त्यांच्यासाठी जमिनीपासून वीतभर उंचीची दांडी ठेवावी, सवय लागते.

आणि खुराड्याचे कोपरे मोडा. बांबूची चटई किंवा जुना पत्रा कोपऱ्यात आडवा, कमानीसारखा लावला की ढीग व्हायला जागाच राहत नाही. खर्च काही नाही, पण यानं जेवढी पाखरं वाचतात तेवढी महागड्या औषधानं वाचत नाहीत.

लहान पिलांच्या बाबतीत तर कोपरा म्हणजे काळच. म्हणून ब्रूडरभोवती दीड फूट उंचीचं पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं गोल कडं करतात. पहिल्या आठवड्यात पिलांच्या अंगाबरोबर उष्णता ३५ अंश सेल्सियस लागते, मग दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करत जायचं. तापमापक नसेल तर पिलांकडे बघा. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजते आहे. कडेला पळून चोच वासून बसली असतील तर ऊब जास्त झाली. सगळीकडे सारखी पसरून निजली असतील तर बरोबर आहे.

खरा घोटाळा होतो तो वीज गेली की. ज्या पिलांना जन्मल्यापासून रात्रंदिवस उजेडच माहीत आहे, त्यांना अंधार म्हणजे आभाळ कोसळल्यासारखंच. बल्ब गेला की ती एका जागी धाव घेतात, आणि वरून ऊबही जाते. यावर उपाय अगदी सोपा आहे. पहिले दोन-तीन दिवस गेले की रोज ठरल्या वेळी, आपण समोर असताना, एक तासभर उजेड बंद ठेवायचा. पिलांना अंधाराची ओळख होते. मग रात्री वीज गेली तरी ती जागच्या जागी बसून राहतात. थंडीच्या दिवसांत मात्र या तासात ऊब टिकवायला शेगडी किंवा दुसरी सोय हवी. शेगडीचा धूर बाहेर गेला पाहिजे, आणि भुशाच्या गादीपासून ती लांब हवी.

मोठ्या कोंबड्यांसाठी रात्रभर मिणमिणता उजेड ठेवावा का? खुराड्याच्या जाळीतून चांदणं आत येत असेल तर गरज नाही. बंदिस्त शेड असेल आणि कोंबड्या वरचेवर बिथरत असतील तर झिरोचा एक बल्ब लावावा, पण तो रोज आणि रात्रभर. आज आहे, उद्या नाही, असं केलं तर न लावलेला बरा. कंदील किंवा चिमणी खुराड्यात टांगू नका. एक फडफडाट झाला की आग लागेल. अंडी वाढावीत म्हणून जे जादा उजेडाचे तास देतात ते पहाटे द्यावेत. रात्री झगझगीत दिवा एकदम मालवला तर निम्म्या कोंबड्या दांडीवर चढायच्या आतच अंधारात सापडतात.

आता भ्यायचं कारण शोधू. कोंबड्या संध्याकाळी आत जायला कां-कूं करू लागल्या, झाडावर बसू लागल्या, तर आधी गोचीड बघा. कोंबडीची गोचीड दिवसा भिंतीच्या आणि लाकडाच्या भेगांत लपते आणि रात्री बाहेर येऊन रक्त पिते. दिवसा कोंबडी उलटीपालटी करून पाहिलीत तर अंगावर काहीच सापडत नाही, म्हणून आपण फसतो. रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या टोकाला, जोडाच्या खाली बघा. ही गोचीड झोप तर घालवतेच, शिवाय तापाचा रोगही पसरवते. दांडी काढून उकळतं पाणी ओता, कडक उन्हात टाका, भेगा लिंपून चुना मारा. औषध मारायचं तर डॉक्टरला विचारून, कोंबड्या बाहेर काढून.

कोंबडी गेली की पहिला आळ मुंगसावर येतो. पण मुंगूस दिवसा हिंडणारं जनावर आहे. रात्रीचा चोर म्हणजे रानमांजर, कोकणात कांडेचोर, मोकाट कुत्री, आणि पिलांच्या बाबतीत घूस. नुसती पातळ षटकोनी जाळी कोंबड्या आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. तळाच्या दोन फुटांत अर्ध्या इंचाची जाड जाळी मारा आणि ती फूटभर जमिनीत पुरा. दाराला नुसती दोरी नको, कडी हवी. अंडी संध्याकाळीच उचला. अंड्यांच्या नि उंदरांच्या मागे साप येतो. अंधारात खुड्याखाली हात घालू नका. आणि साप चावलाच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता सरळ सरकारी दवाखाना गाठा.

दिवाळीत नि लग्नसराईत फटाक्यांचा आवाज असतो. त्या बाजूला ओलसर नसलेलं गोणपाट दुहेरी लावा, वाऱ्याची बाजू मात्र उघडी ठेवा. चहूबाजूंनी झाकलंत तर भीतीऐवजी कोंडमाऱ्यानं मरतील. पोल्ट्रीवाले कित्येकदा शेडमध्ये दिवसभर हलक्या आवाजात रेडिओ लावून ठेवतात, म्हणजे पाखरांना माणसाच्या आवाजाची नि गोंगाटाची सवय होते. (आमचे श्रोते वाढावेत म्हणून हे सांगत नाही!)

एवढं करूनही फडफडाट झालाच, तर धावत जाऊन झगझगीत बॅटरी तोंडावर मारू नका. आधी बाहेरूनच रोजच्या हाकेनं हळू आवाजात बोला. मग बॅटरीला निळा कागद लावून आत जा; निळ्या उजेडात कोंबडीला फार कमी दिसतं, ती उधळत नाही. ढीग झाला असेल तर वरच्या कोंबड्या दोन्ही हातांनी, पंख मिटून उचला आणि एकेक दांडीवर बसवा. पाय धरून उलटी लटकवू नका. लस टोचायची किंवा कोंबड्या विकायला धरायच्या असतील तरी हीच रीत ठेवा.

या सगळ्या खटाटोपाचा पैशाशी संबंध आहे. अंडं तयार व्हायला २५ ते २६ तास लागतात. त्यांतले सुमारे २० तास कवच चढण्यात जातात, आणि ते काम बहुतांशी रात्री चालतं. कवच कोवळं असताना कोंबडी आदळली तर ते आतच तडकतं, पुढे त्यावर आणखी थर बसतो, आणि अंड्याच्या कमरेला वळ उठल्यासारखी कड दिसते. असं अंडं खायला चालतं. बाजारात मात्र भाव पडतो, आणि खुडूक कोंबडीखाली ते ठेवू नये.

घरातल्या पोरांनी पिंजऱ्यात पाखरं पाळली असतील तर त्यांनाही हेच लागू. कॉकटेल नावाचं तुऱ्याचं ऑस्ट्रेलियन पाखरू तर रात्री बिथरण्याबद्दल प्रसिद्धच आहे. पिंजरा मांजराच्या वाटेपासून दूर, रोज एकाच जागी ठेवा. तीन बाजू कापडानं झाका, चौथी उघडी. जवळ एक मंद दिवा असू द्या. आपटून पंखातून रक्त आलं तर स्वच्छ कापड दाबून धरा, वर थोडं मक्याचं पीठ लावा आणि रक्त न थांबल्यास डॉक्टरला दाखवा. आपला देशी पोपट मात्र पिंजऱ्यात ठेवूच नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे.

रात्री गडबड झाली त्या खुराड्याची सकाळी उजेडात फेरी मारा. कोंबड्या मोजा, लंगडणारी वेगळी काढा, भोवतालच्या मातीत पावलं बघा, तळाशी ताजी उकर आहे का ते बघा. चोर पुन्हा त्याच वाटेनं येतो, म्हणून ते भोक त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दगड-मातीनं बुजवा.