रानतंबाखूची सकाळपाळी

अमेरिकेत युटाच्या नैर्ऋत्य टोकाला सेजब्रशचा खुरटा, कोरडा माळ पसरलेला आहे. वणवा येऊन गेला की धुरातल्या रसायनांची खूण पटून जमिनीत वर्षानुवर्षं निजलेलं बी रुजतं आणि जळक्या जागेत रानतंबाखू माजते.

तिची लांब नळीची पांढरी फुलं दिवस मावळल्यावर उमलतात, बेंझिल ॲसिटोनचा गंध सोडतात. गिऱ्हाईक ठरलेलं: मँड्युका वंशातला हॉक मॉथ. फुलासमोर हवेतच थबकून तो लांब सोंड नळीत घालतो, मकरंद पितो आणि परागकण घेऊन पुढच्या झाडाकडे निघतो.

अडचण अशी, की मादी जाताजाता पानांवर अंडीही घालते. त्यातून निघणारी, शेपटाकडे शिंग मिरवणारी हिरवी अळी तीनेक आठवड्यांत वजनाने सुमारे दहा हजार पट वाढते. कशावर, ते सांगायला नको. तंबाखूतलं निकोटिन इतर बहुतेक किड्यांना भोवतं. ही अळी त्यातलं बरंचसं विष्ठेवाटे टाकून देते. उरलेल्यातलं थोडं रक्तात उतरतं आणि श्वासरंध्रांतून बाहेर पडतं. त्या वासाने लांडगा कोळी मागे सरतो! जर्मनीत येना इथल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी निकोटिन नसलेली झाडं तयार करून पाहिली, तेव्हा त्यांवर पोसलेल्या अळ्या कोळ्यांनी खुशाल फस्त केल्या. झाडाने घडवलेलं हत्यार असं शत्रूच्याच कामी येतं.

पण अळीची लाळही तिच्यावर उलटते. कुरतडलेल्या पानाच्या हिरव्या वासाचं रासायनिक रूप लाळेमुळे पालटतं आणि जिओकोरिस नावाच्या शिकारी ढेकणांना अंड्या-अळ्यांचा सुगावा लागतो.

सगळ्यात धूर्त डाव मात्र फुलांचा. त्याच संस्थेतल्या डॅनी केसलर, इयन बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी तो २०१० मध्ये उजेडात आणला. अळ्या लागलेली झाडं काही दिवसांत आपल्या फुलांतल्या काहींना रात्रपाळीवरून काढून सकाळपाळीला लावतात. ही फुलं पहाटेनंतर उमलतात, मॉथला बोलावणारा गंध जवळपास सोडतच नाहीत, आणि त्यांच्यावर येतो हमिंगबर्ड. तो परागकण नेतो, अंडी मात्र झाडावर घालत नाही.

मग सगळीच फुलं कायमची सकाळी का उमलत नाहीत? संशोधकांच्या मते पक्षी बेभरवशाचा: घरटं जवळ असेल तरच फिरकणार. मॉथ रात्रीत लांबचा पल्ला मारतो, दूरदूरच्या झाडांचे पराग एकमेकांना पोचवतो. म्हणून अळ्यांनी पोखरलेल्या झाडावरही बरीच फुलं संध्याकाळचीच वाट पाहत मिटून राहतात.