विश्लेषण : शहरातील वस्त्यांमध्ये अंगणवाडी आहे, पण शिकवायला वेळ कुठे आहे?

झोपडपट्टीतील तीन ते सहा वयोगटातील मुलांसाठी सरकारची एकमेव मोफत सोय म्हणजे अंगणवाडी किंवा पालिकेची बालवाडी. मात्र जागा, मनुष्यबळ आणि वेळ यांच्या टंचाईमुळे खाऊ मिळतो आणि शिकणे मागे पडते. हे का होते आणि काय केल्याने बदलते?

पहिली सहा वर्षे का महत्त्वाची?

मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होते, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये नमूद आहे. म्हणूनच नव्या ५+३+३+४ रचनेत पहिली तीन वर्षे अंगणवाडी किंवा बालवाटिकेला दिली आहेत. या वयातले शिक्षण म्हणजे पाटीवर अक्षरे गिरवणे नव्हे. गोष्ट ऐकणे, गाणी म्हणणे, वस्तू मोजणे, रंग-आकार ओळखणे, चार मुलांत मिसळणे हे त्यात येते. ज्या मुलाला हे मिळत नाही, त्याला पहिलीतल्या वर्गात बाईंचे बोलणेच कळत नाही. ही दरी पुढे वाढत जाते.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना लागू आहे. त्याच्या कलम ११ मध्ये तीन ते सहा वयोगटासाठी सरकार सोय ‘करू शकते’ एवढेच म्हटले आहे. म्हणजे पहिलीतला प्रवेश हक्क आहे, पण त्याआधीची तयारी हक्क नाही. श्रीमंत घरांत ही उणीव खासगी नर्सरी भरून काढते. वस्तीतल्या मुलाची भिस्त अंगणवाडीवर असते.

कल्पना महाराष्ट्राची, पण शहरात का अडते?

मुले बालवाडीत येत नसतील, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, हा विचार ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी व पुढे कोसबाड येथे प्रत्यक्षात आणला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर नेला.

शहरात मात्र अंगणच नाही. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईत ४० टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहतात. गावात ग्रामपंचायत जागा देऊ शकते. वस्तीत खोली भाड्याने घ्यावी लागते. सरकारी भाड्यात मिळते ती लहानशी खोली. त्यातच धान्य, वजनकाटा, नोंदवह्या आणि मुले. घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली, की अंगणवाडीचा पत्ता बदलतो आणि काही मुले गळतात.

दुसरी अडचण सेविकेच्या वेळेची. पोषण आहार, लसीकरणाला मदत, गृहभेटी, गर्भवतींची नोंद, सर्वेक्षणे आणि ‘पोषण ट्रॅकर’वर माहिती भरणे, हे सारे तिच्याकडेच. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पोषण भी पढाई भी’ कार्यक्रमात रोज किमान दोन तास शिक्षण अपेक्षित आहे. हे दोन तास आणायचे कुठून, हा खरा प्रश्न आहे.

एका जादा सेविकेने काय बदलते?

याचे उत्तर तमिळनाडूत मिळाले आहे. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन व सहकाऱ्यांनी तेथील ६४० अंगणवाड्यांचा अभ्यास केला. त्यांपैकी काही केंद्रांत फक्त शिकवण्यासाठी अर्धवेळ सेविका देण्यात आली. तेथे शिकवण्याचा वेळ दुपटीने वाढला. दीड वर्षाने मुलांची गणित व भाषेतील प्रगती स्पष्ट दिसली. मूळ सेविकेला आरोग्याच्या कामाला वेळ मिळाल्याने वाढ खुंटलेल्या मुलांचे प्रमाणही घटले. थोडक्यात, शिक्षण की पोषण, अशी निवड करावी लागली नाही.

दुपारनंतर मुले कुठे जातात?

घरकाम, बांधकाम किंवा कारखान्यात जाणारी आई दुपारी परतू शकत नाही. मग मूल शेजारी ठेवले जाते किंवा मोठ्या बहिणीची शाळा बुडते. ‘मिशन शक्ती’तील ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. पाळणाघर जवळ असेल, तरच अशा घरातले मूल अंगणवाडीत नियमित येते.

जागा कोठून येणार?

शैक्षणिक धोरणात अंगणवाडी प्राथमिक शाळेच्या आवारात नेण्याचा पर्याय सुचवला आहे. पटसंख्या घटलेल्या पालिका शाळांतील रिकाम्या खोल्या त्यासाठी वापरता येतील. अट एवढीच, की शाळा लहान मुलाला चालत जाता येईल इतकी जवळ हवी. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींतही बालवाडीसाठी जागा ठेवण्याची तरतूद आहे. ती जागा त्याच कामी वापरली जाते का, हे रहिवाशांनी सोसायटीच्या बैठकीत विचारायला हवे.

पालक काय करू शकतात?

सर्वोच्च न्यायालयाच्या १३ डिसेंबर २००६ च्या आदेशानुसार, वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळायला हवी. झोपडपट्ट्यांचा यात स्पष्ट उल्लेख आहे. मुलांची नावे व वये लिहून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. अंगणवाडी असेल, तर तेथे रोज किती वेळ शिकवले जाते, हे सेविकेला विचारावे. आणि वेळ कमी पडत असेल, तर तिच्यासाठी मदतीची मागणी तिच्यासोबत उभे राहून करावी.