होमस्कूलिंग ग्रुपची फी एका आईच्या खात्यात जमा झाली, तर टॅक्स कोणाच्या गळ्यात पडतो?

समजा, अमेरिकेतल्या डॅलसमध्ये १५ कुटुंबं आहेत. त्यांची मुलं शाळेत न जाता घरीच शिकतात आणि आठवड्यातून एकदा एका हॉलमध्ये एकत्र जमतात. हॉलचं भाडं आणि साहित्य यासाठी प्रत्येक घराकडून वर्षाला ४०० डॉलर घ्यायचं ठरतं. हिशोबाचं काम एक आई अंगावर घेते आणि सगळे तिच्याच खात्यात पैसे पाठवतात.

वर्षाचे झाले ६,००० डॉलर. कोणाचीच नियत वाईट नाही, पण घोळ इथूनच सुरू होतो.

हा पैसा नक्की कोणाचा?

होमस्कूलिंग अमेरिकेच्या सगळ्या ५० राज्यांत कायदेशीर आहे. पण ती परवानगी स्वतःच्या मुलांना शिकवण्याची. अनेक घरांनी मिळून पैसे जमवले, की आयआरएस म्हणजे तिथल्या कर खात्याचे वेगळे नियम लागू होतात.

ग्रुपचा पैसा त्या आईची कमाई नाही. पण खातं तिच्या नावावर असल्यामुळे उद्या विचारणा झाली, तर हे सिद्ध करण्याची वेळ तिच्यावरच येते. उपाय सोपा आहे. आयआरएसकडून ग्रुपच्या नावाने ईआयएन हा नऊ आकडी नंबर घ्यायचा. तो फुकट मिळतो. मग त्यावर ग्रुपचं वेगळं बँक खातं उघडायचं.

५,००० आणि ५०,०००

शैक्षणिक काम करणाऱ्या ना-नफा संस्थेला कलम ५०१(सी)(३) खाली करमाफी मिळते. वार्षिक जमा साधारण ५,००० डॉलरच्या आत असेल, तर त्यासाठी अर्ज करावा लागत नाही. डॅलसच्या ग्रुपने ही रेषा ओलांडली आहे, त्यामुळे करमाफी हवी तर अर्ज करावा लागेल. वार्षिक जमा ५०,००० डॉलरपर्यंत असणाऱ्या बहुतेक लहान संस्थांसाठी छोटा ऑनलाइन फॉर्म आहे.

पालकांच्या दोन नेहमीच्या चुका

पहिली चूक म्हणजे फीला देणगी समजणं. मुलाच्या वर्गासाठी भरलेल्या पैशांवर देणगीची करसवलत मिळत नाही.

दुसरी चूक म्हणजे ‘ज्याने जास्त निधी जमवला, त्याच्या मुलाची फी कमी’. व्हर्जिनियातल्या एका जिम्नॅस्टिक्स क्लबच्या पालक संस्थेने असंच केलं होतं. तिचा करमुक्त दर्जा काढून घेतला गेला आणि २०१३ मध्ये टॅक्स कोर्टानेही तो निर्णय कायम ठेवला. करमुक्त संस्थेचा पैसा सगळ्यांसाठी असतो, ठरावीक घरांच्या फायद्यासाठी नाही.

बाहेरून शिक्षक नेमला तर आणखी एक प्रश्न येतो. वेळ, अभ्यासक्रम आणि पद्धत ग्रुपच ठरवत असेल, तर आयआरएस त्याला कर्मचारी मानू शकतं. मग पगारावरचे करही ग्रुपलाच भरावे लागतात.

सगळ्यात महाग पडणारा विसर

५०,००० डॉलरपर्यंत जमा असणाऱ्या संस्थेला दरवर्षी ९९०-एन हा फॉर्म भरावा लागतो. तो ऑनलाइन आहे, फुकट आहे आणि त्यात जेमतेम आठ प्रश्न असतात. जानेवारी ते डिसेंबर हिशोब ठेवणाऱ्यांसाठी मुदत १५ मे. एखाद्या वर्षी उशीर झाला तर दंड नाही. पण सलग तीन वर्षं चुकली, की करमुक्त दर्जा आपोआप रद्द होतो. या नियमाची पहिली यादी २०११ मध्ये आली, तेव्हा सुमारे २,७५,००० संस्थांची नावं त्यात होती.

होमस्कूलिंग ग्रुपमध्ये हे सहज घडतं. हिशोब पाहणाऱ्या आईचं मूल मोठं होऊन कॉलेजला जातं, ती ग्रुप सोडते आणि आठवणीचं पत्र तिच्याच जुन्या पत्त्यावर जात राहतं. अमेरिकेत अशाच ना-नफा संस्था म्हणून चालणाऱ्या महाराष्ट्र मंडळांना आणि रविवारच्या मराठी शाळांनाही हा धोका आहे, कारण तिथेही खजिनदार दर एक-दोन वर्षांनी बदलतात.

म्हणून पासबुकासोबत ईआयएनचं पत्र, आयआरएसचा लॉगिन आणि १५ मे ही तारीखही नव्या खजिनदाराच्या हातात द्यायला हवी.