खाज कधीची?

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी भाचीने नेरूळच्या एका स्टुडिओत मनगटाच्या वर टॅटू काढून घेतला. लाल जास्वंद, बाजूला नुसत्या काळ्या रेषेतलं पान. पाचव्या दिवशी ती घरी आली तीच हात झटकत. "मामी, खाजवून खाजवून हात सोलून काढावासा वाटतोय." सासूबाई पलंगावर बसून ऐकत होत्या. त्या बेलापूरकडच्या, आगरी घरातल्या, वय ऐंशीच्या पुढे. "खाजवू नको गो," त्या म्हणाल्या, "चापटी मार."

त्यांना सांगायचा हक्क होता. त्यांच्या दोन्ही हातांवर गोंदण आहे. दहाव्या-अकराव्या वर्षी दारात आलेल्या बाईने काजळीत सुया बुडवून ते गोंदलं, वरून हळद आणि खोबरेल चोपडलं. हात आठ दिवस ठणकला आणि पुढचे आठ दिवस खाजला, एवढंच त्यांना आठवतं. त्या काळ्या ठिपक्यांनी नंतर सत्तर वर्षं तोंड उघडलं नाही. भाचीच्या जास्वंदीचं मात्र तसं झालं नाही.

टॅटूची सुई कातडीत एक-दोन मिलिमीटर खोल जाते. वरची त्वचा साधारण महिन्याभरात झडून नवी येते, त्यामुळे शाई तिथे राहिली तर महिन्यात पुसली जाईल. म्हणून ती खालच्या थरात सोडतात. शरीराच्या दृष्टीने हा सरळसरळ घुसखोर. भक्षक पेशी धावून येतात, रंगाचे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवर दाखवलं की रंग पोटात घेतलेली पेशी मेली की तिने सांडलेले कण शेजारची नवी पेशी उचलते. टॅटू टिकतो तो असा, हातोहात. म्हणजे आपण ज्याला कायमचा डाग समजतो, तिथे आयुष्यभर राखण चालू असते.

पहिल्या पंधरा-वीस दिवसांतली खाज या गडबडीचाच भाग. जखम झाली की हिस्टामिन सुटतं, ते खाजेच्या मज्जातंतूंना डिवचतं. त्यात वरची कातडी सुकते, पापुद्रे सुटतात, खपली ओढते. ही खाज बरी होण्याच्या वाटेवरची. नखाने खपली उचकटली तर तिच्याबरोबर रंगही निघतो आणि नखातले जंतू आत जातात. चापटी मारणं म्हणूनच बरं, पण तीही हलक्या हाताने आणि खपलीच्या बाजूला. भाचीला मी फ्रिजमधली स्टीलची वाटी स्वच्छ फडक्यात गुंडाळून दिली. पाच मिनिटं टेकवली की तासभर निभायचं. दिवसातून दोनदा साध्या, बिनवासाच्या साबणाने धुणं, टिपून कोरडं करणं, व्हॅसलीनसारख्या मलमाचा अगदी पातळ हात. थापायचं नाही. आपल्याकडच्या दमट हवेत, सीवूड्सहून गच्च भरलेली लोकल पकडून घामाघूम होणाऱ्या हातावर मलमाचा लेप किंवा प्लॅस्टिक गुंडाळून ठेवलं की खाली कातडी उकडते आणि पुरळ येतं. फारच असह्य झालं तर डॉक्टरांना विचारून अ‍ॅलर्जीची गोळी. ताज्या जखमेवर हळद मी लावू देत नाही. सासूबाईंचा यावर राग आहे, तो असो.

तिसऱ्या आठवड्यात खाज थांबली. डिसेंबरात परत आली, आणि या वेळी फक्त पाकळ्यांवर. पान शांत होतं. पाकळ्यांवरून बोट फिरवलं तर भरतकामासारख्या उंच लागत होत्या.

सगळ्या रंगांत लाल हा सर्वांत भांडखोर. पूर्वी त्यात पाऱ्याचा हिंगूळ असायचा, आता बहुतेक अ‍ॅझो जातीचे कृत्रिम रंग असतात. तरी महिन्यांनी, कधी वर्षांनी उठणारी अ‍ॅलर्जी सगळ्यात जास्त लालमध्येच दिसते. युरोपीय संघाने जानेवारी 2022 पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर निर्बंध घातले आहेत. आपल्याकडे बाटलीवरचं लेबल वाचणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही.

भाचीने आधी केलं ते सगळे करतात. मेडिकलमध्ये हात दाखवला, मलमाची ट्यूब घेतली. अशा 'थ्री-इन-वन' ट्यूबमध्ये बहुतेकदा जोरकस स्टिरॉइड असतं. चार दिवस जादू, मग दुप्पट खाज. ते नायट्यावर लागलं तर बुरशी आतल्या आत फोफावते, आणि टॅटूच्या रंगात नायट्याची कडा चटकन दिसतही नाही. केंद्र सरकारने 2018 मध्ये स्टिरॉइडची चौदा मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. काउंटरवर जाऊन पाहा किती पाळतात.

त्वचारोगतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला तो "खाज कधीची?" आणि दुसरा, "कुठल्या रंगावर?" निदानाचा निम्मा भाग तिथेच उरकला. सुरुवातीची खाज जखमेची. वाढत जाणारा ठणका, ऊब, पू, ताप असेल तर जंतुसंसर्ग, तिथे त्याच दिवशी दवाखाना. काळ्या-राखाडी भागावर आठवड्यांनी बारीक लाल पुटकुळ्या आल्या तर शाईत मिसळलेल्या पाण्यातून आलेला जंतू असू शकतो. 2011 च्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये टॅटू काढलेले एकोणीस जण असे निघाले, दोष आधीच पातळ करून आलेल्या राखाडी शाईचा होता. एकाच रंगावर उंचवटा असेल तर अ‍ॅलर्जी. आणि ज्यांना सोरायसिस आहे त्यांच्या सुईच्या वाटेवरच तो उगवू शकतो. कोबनर नावाच्या जर्मन वैद्याने हे एकोणिसाव्या शतकातच टिपून ठेवलं आहे.

भाचीच्या पाकळ्यांचा बारीक तुकडा तपासायला गेला, मग मोजक्या दिवसांचं मलम आणि दोनदा थेट पाकळीत इंजेक्शन. "लेझरने काढूनच टाकू" हा तिचा हट्ट डॉक्टरांनी मोडला. अ‍ॅलर्जी असलेला रंग लेझरने फोडला की त्याचे कण शरीरभर पसरून अंगावर पुरळ उठू शकतं. पाकळ्या आता बऱ्याच बसल्या आहेत. एप्रिल-मेच्या घामात अजून थोड्या फुगतात.

सासूबाईंच्या काजळीचं कौतुक मला आहे, पण त्या गोंदणाऱ्या बाईने त्याच सुयांनी आळीतल्या किती पोरी गोंदल्या, हे त्याही सांगू शकत नाहीत. जत्रेतल्या मशीनवाल्याचंही तेच. काविळीचे बी आणि सी विषाणू खाजत नाहीत, म्हणून सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगायला लाजू नका. टॅटूनंतर वर्षभर रक्तदानही करता येत नाही, ते याच धास्तीमुळे.

आणि दिवाळीच्या बोनसमधून कुणी नुकताच टॅटू काढून घेतला असेल, तर नरकचतुर्दशीच्या पहाटे त्या हाताला सुवासिक तेल आणि उटणं लावू नका. बाकी अंगाला हवं तेवढं चोळा.